डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडी अडकली आहे, ट्रे उघडत नाही. पिन घालू का?

अबोली

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपच्या डीव्हीडी रायटरमध्ये एक सीडी अडकून बसली आहे. ती बाबांच्या मणक्याच्या एमआरआयची सीडी आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला जायचंय आणि त्यांनी फिल्म नको, सीडीच आणा असं बजावून सांगितलंय.

झालं ते असं. सीडी घातल्यावर तिच्यातलाच एक व्ह्यूअर आपोआप उघडला. मी आणि भावाने चित्रं पाहिली, व्ह्यूअर बंद केला आणि ट्रेचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला, आतून घुर्र असा आवाज आला, पण ट्रे जागचा हलला नाही. मग 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट दिलं, तर डिस्क वापरात आहे असा मेसेज आला. थोड्या वेळाने पुन्हा इजेक्ट दिलं तेव्हा मेसेज आला नाही, नुसता तोच आवाज. कॉम्प्युटर रीस्टार्ट करूनही फरक नाही. सीडीचं नाव मात्र अजून स्क्रीनवर दिसतंय.

विंडोज १० आहे, असेंबल केलेलं मशीन, ट्रे बाहेर येणारा साधा डीव्हीडी रायटर. जुना आहे आणि हल्ली कुणी वापरत नव्हतं. पुढे बटणाशेजारी एक बारीक भोक दिसतंय.

भावाचं म्हणणं, सुरीचं टोक ट्रेच्या फटीत घालून तो बाहेर ओढू. मी वाचलंय की त्या भोकात पिन घालतात. पण पिन आत जाऊन सीडीवर ओरखडा पडला तर? ड्राइव्ह गेला तरी चालेल, सीडीला काही होता कामा नये. कुणाला अनुभव असेल तर कृपया नीट समजावून सांगा, मला यातलं फारसं कळत नाही.

पाना_पक्कड

अबोलीताई, सुरी आधी लांब ठेवा. आणि पिनही अजून हातात घेऊ नका.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, अडकलेले ट्रे पुष्कळ उघडलेत. पण अशा वेळी पहिलं काम ट्रे उघडण्याचं नसतं. तुम्ही लिहिलंय की सीडीचं नाव स्क्रीनवर दिसतंय. म्हणजे ड्राइव्ह ती अजून वाचतोय. ही फार मोठी गोष्ट आहे. ट्रे उघडताना काय होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण सीडी आत व्यवस्थित बसलेली आहे आणि फिरतेय तोवर तिच्यावरचं सगळं उतरवून घेता येतं. सर्जनना पाहायची आहेत ती चित्रं. ती एकदा हार्ड डिस्कवर आली की मग आपण निवांतपणे ट्रेच्या मागे लागू.

म्हणून आत्ताच हे करा. डेस्कटॉपवर एक नवीन फोल्डर बनवा. सीडी उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं सिलेक्ट करा आणि त्या फोल्डरमध्ये कॉपी करा. निवडून निवडून घेऊ नका. एमआरआयच्या सीडीवर फोल्डरची नावं आकड्यांची असतात, फाइलींना बऱ्याचदा एक्स्टेन्शनही नसतं, त्यामुळे त्या निरुपयोगी वाटतात, पण चित्रं त्यांच्यातच असतात. 'डायकॉमडिर' नावाची एक फाइल बाहेरच दिसेल. ती सगळ्या चित्रांची अनुक्रमणिका आहे, ती राहता कामा नये.

कॉपी करताना मध्येच थांबल्यासारखं वाटलं तर कॅन्सल करू नका. ड्राइव्हला एखादा भाग नीट वाचता आला नाही की तो वेग कमी करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. सीडी भरलेली असली तरी ७०० एमबीच्या आसपास माल असतो, होईल कॉपी.

झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकडा, दोन्ही जुळले पाहिजेत. मग व्ह्यूअर त्या कॉपी केलेल्या फोल्डरमधून सुरू करा आणि प्रत्येक मालिकेतली चित्रं शेवटपर्यंत सरकवून बघा. व्ह्यूअर फोल्डरमधून चालला नाही तर मायक्रोडायकॉमसारखा एखादा डायकॉम व्ह्यूअर (डायकॉम म्हणजे अशा वैद्यकीय चित्रांच्या फाइलींचा प्रकार) घेऊन त्यात फोल्डर उघडा. नंतर तोच फोल्डर एका पेन ड्राइव्हवरही टाका.

हे सगळं झालं की इथे सांगा. तोवर बटण वारंवार दाबू नका. दर वेळी आतली मोटर अडकलेल्या जागेवर जोर लावते.

नीरव

ताई, पाना_पक्कड यांनी सांगितलंय ते बरोबर, पण आधी व्ह्यूअर खरंच बंद झालाय का तेही बघा. या सीड्यांवरचा व्ह्यूअर सीडीवरूनच चालतो, हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होत नाही. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम मागे चालू राहू शकतो आणि मग विंडोज म्हणतं डिस्क वापरात आहे. टास्क मॅनेजरमध्ये बघा. तिथे ओळखू येत नसेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत व्ह्यूअरचं नाव टाकून शोधा. त्या प्रोग्रामने काय काय धरून ठेवलंय ते दिसेल.

स्क्रीनशॉट टाकला तर बघून सांगतो.

पाना_पक्कड

नीरव, मुद्दा चांगला आहे. पण ताई, स्क्रीनशॉट टाकायचाच झाला तर फक्त टास्क मॅनेजरचा टाका. व्ह्यूअरच्या खिडकीच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, आयडी सगळं छापलेलं असतं. फाइलींच्या आतही ते असतं. वडिलांची ही माहिती अशी उघड्यावर यायला नको.

अबोली

दोघांचेही खूप आभार. कॉपी झाली! एका ठिकाणी बराच वेळ अडली होती, दिवा थांबून थांबून लागत होता, पण तुम्ही सांगितलं म्हणून हात लावला नाही. फाइलींची संख्या आणि बाइट्स दोन्ही जुळले. व्ह्यूअर फोल्डरमधून उघडतोय, सगळ्या मालिका पाहिल्या, बाबांनीही शेजारी बसून पाहिल्या. पेन ड्राइव्हवरही टाकलंय. निम्मा जीव भांड्यात पडला.

टास्क मॅनेजरमध्ये व्ह्यूअर खरंच चालू होता, नाव वेगळंच होतं. तो एंड टास्क केला. त्यानंतर इजेक्टला मेसेज येत नाही, पण ट्रे काही उघडत नाही. आता काय करू?

पाना_पक्कड

छान. आता ट्रेकडे वळू.

ट्रे न उघडण्याची कारणं दोन गटांत मोडतात आणि आपल्याला कुठल्या गटात आहोत ते आधी ठरवायचंय. ट्रेचं बटण थेट ट्रे उघडत नाही. ते ड्राइव्हच्या आतल्या सर्किटला फक्त सांगतं की उघड. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला किंवा एखाद्या प्रोग्रामला त्याच ड्राइव्हला उलटा हुकूम देता येतो की कुणी बटण दाबलं तरी डिस्क बाहेर देऊ नको. सीडी राइट करणारे प्रोग्राम काम चालू असताना तो हमखास देतात, कारण मध्येच ट्रे उघडला तर डिस्क वाया जाते. लिनक्सवर डिस्क माउंट, म्हणजे सिस्टिमला जोडलेली, असेपर्यंत बटण बहुधा गप्पच असतं. हा झाला पहिला गट. यात यंत्र ठणठणीत असतं, त्याला फक्त मनाई असते.

दुसऱ्या गटात मनाई कुणाचीच नसते, पण यंत्रालाच ते जमत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. पुन्हा चालू करा आणि विंडोजचं चिन्ह यायच्या आत, अगदी पहिल्या काळ्या स्क्रीनवर, ट्रेचं बटण दाबा. त्या क्षणी ड्राइव्हला वीज मिळालेली असते पण विंडोज आणि बाकीचे प्रोग्राम अजून जागे झालेले नसतात. ट्रे उघडला तर अडथळा सॉफ्टवेअरचा होता. नाही उघडला तर कान देऊन ऐका. काहीच आवाज नाही आणि दिवाही नाही, तर वीज किंवा केबलचा प्रश्न. सीडी फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते असा आवाज असेल तर ड्राइव्ह वाचण्यात गुंतलाय, त्याला वेळ द्या. आणि मोटरचा घुर्र आवाज येऊन ट्रे किंचित थरथरला तर मामला यंत्राचा.

एकदाच करून बघा आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहा.

उंबरठा

मध्येच लिहितोय. माझ्याकडे जुना मॅक आहे, ट्रे नसलेला, नुसत्या फटीतून डिस्क आत घेणारा. त्याला पिनचं भोकही नाही. डिस्क अडकली तर काय करायचं ते कुणी सांगेल का? आत्ता अडकलेली नाही, पण हा धागा वाचून धास्ती वाटली.

पाना_पक्कड

उंबरठा, मॅक रीस्टार्ट करताना माउसचं किंवा ट्रॅकपॅडचं बटण दाबून धरा आणि डिस्क बाहेर येईपर्यंत सोडू नका. जुन्या मॅकमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर टर्मिनलमधून 'ड्रूटिल' ही कमांड इजेक्ट शब्दासह देता येते. फटीत पट्टी, चिमटा, पुठ्ठा घालणारे लोक असतात, तसं करू नका. त्या फटीच्या आत रबरी रोलर असतात, ते जागेवरून सरकले की मग उघडूनच दुरुस्ती.

आणि त्या ड्राइव्हमध्ये ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क किंवा वेगळ्या आकाराची डिस्क कधीच घालू नका. ते रोलर १२ सेंटिमीटरच्या गोल डिस्कसाठीच असतात, छोटी डिस्क आत जाईल पण बाहेर ढकलायला तिला धरता येणार नाही.

अबोली

करून पाहिलं. काळ्या स्क्रीनवर बटण दाबलं. घुर्र आवाज आला, ट्रेची पुढची पट्टी एक केसभर पुढे आली असं वाटलं आणि लगेच मागे गेली. दिवा लागून विझला. म्हणजे यंत्राचंच ना?

पाना_पक्कड

हो, यंत्राचंच. वर्णन नेमकं केलंत, त्याने काम सोपं झालं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पिन घालताना हाताला काय जाणवतंय ते कळेल. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे आत गेला की सीडीच्या खालून एक फिरती चकती वर येते आणि सीडीला ट्रेवरून उचलते. वरून एक छोटी गोल टोपी चुंबकाच्या जोरावर त्या चकतीला चिकटते आणि सीडी दोघींच्या मध्ये घट्ट धरली जाते. म्हणजे आत्ता तुमची सीडी ट्रेमध्ये टेकलेली नाही, ती ट्रेपासून अधांतरी पकडलेली आहे. ट्रे उघडायचा तर आधी चकती खाली जाऊन ती पकड सुटावी लागते आणि मगच ट्रे पुढे सरकतो. हे दोन्ही एकच छोटी मोटर करते आणि तिची ताकद गिअरपर्यंत एका बारीक रबरी बेल्टने पोहोचते.

जुन्या ड्राइव्हमध्ये तो बेल्ट सैल किंवा गुळगुळीत होतो. मोटर फिरते, बेल्ट घसरतो, चुंबकाची पकड सुटत नाही. म्हणून आवाज येतो पण ट्रे येत नाही. हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. दुसरी शक्यता अशी की सीडीच वर किंवा खाली कुठे तरी अडलीय.

यावरून सुरी का नको तेही लक्षात येईल. पकड सुटलेली नसताना ट्रे पुढे ओढला तर तो अधांतरी सीडीच्या खालून घासत येतो. ओरखडा पडेल तो तिथे. पिनचं तसं नाही. ती सीडीजवळ जातच नाही. ती गिअरच्या सरकपट्टीला ढकलते, म्हणजे मोटरने करायचं काम तुम्ही हाताने करता, आणि त्याच क्रमाने होतं: आधी पकड सुटते, मग ट्रे.

आता कृती. कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा. नुसतं शट डाऊन पुरेसं नाही, वीज असली तर अधेमधे मोटर फिरू शकते. मोठ्या आकाराची पेपर क्लिप घ्या आणि तिची एक बाजू पूर्ण सरळ करा, वाकडी राहिली तर भोकात अडकते. शिवणाची सुई नको, तिचं टोक घसरतं आणि प्लॅस्टिकमध्ये रुततं. मोबाइलच्या सिमची पिन बऱ्याच ड्राइव्हमध्ये तोकडी पडते.

क्लिप भोकात अगदी सरळ, जमिनीला समांतर घाला. थोडं आत गेल्यावर काहीतरी लागेल. तिथून ठाम पण सावकाश दाबा, धक्का देऊ नका. ट्रेची पट्टी थोडी पुढे येईल. मग क्लिप काढून घ्या, पट्टी दोन्ही कडांना बोटांनी धरा आणि दोन्हीकडून सारखं ओढा. सुरुवातीला जड लागेल, कारण तुम्ही सगळे गिअर उलटे फिरवताय, ते ठीक आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. ट्रे दोन-तीन सेंटिमीटर येऊन अचानक थांबला आणि ते थांबणं जड न वाटता टणक वाटलं, तर ओढू नका. बॅटरी घेऊन आत बघा. सीडी ट्रेमध्ये सपाट बसलेली दिसली पाहिजे. तिरकी किंवा वर लटकलेली दिसली तर ट्रे हळूच परत आत ढकला आणि इथे लिहा.

लॅपटॉपवाल्यांसाठी: तुमच्या पातळ ड्राइव्हमध्ये पिनला फारसा जोर लागत नाही, ती फक्त एक कडी सोडते आणि ट्रे स्प्रिंगने टपकन बाहेर येतो. तिथे लेझरची भिंग ट्रेवरच असते, तिला बोट लावू नका, आणि सीडी मधल्या उंचवट्यावर खटक्यात बसलेली असते, ती मधोमध अंगठा दाबून कडेने उचला.

कोरा_कागद

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क काढताना विंडोज रोज सांगतं की ती वापरात आहे. सगळं बंद केलेलं असतं. कोण वापरतंय ते कळायचा काही मार्ग?

नीरव

आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. इजेक्ट नाकारल्यानंतर लगेच तिथे 'कर्नेल पीएनपी' या नावाची २२५ नंबरची नोंद बघा. कुठल्या प्रोग्रामने डिस्क काढू दिली नाही त्याचं नाव आणि प्रोसेस आयडी त्या नोंदीत लिहिलेला असतो. अँटिव्हायरस, बॅकअपचा प्रोग्राम किंवा सर्च इंडेक्सिंग, यांच्यापैकी कुणीतरी सापडेल.

घाई असेल तर मशीन बंद करून डिस्क काढा. बंद करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचं अर्धवट बंद होणं टळतं आणि विंडोज पूर्ण बंद होतं.

पाना_पक्कड

नीरवने सांगितलं त्यात एक भर. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' ही मूळ सेटिंग झाली आणि तेव्हापासून अनेक जण न विचारता केबल उपसतात. कॉपी चालू नसेल तर बहुतेक वेळा निभावतं, पण फिरत्या प्लेटची हार्ड डिस्क असेल तर इजेक्ट झाल्यावरही फिरायचा आवाज थांबेपर्यंत हलवू नका.

अबोली

तुम्ही म्हणालात तसंच झालं! क्लिप घातली, दाबली, ट्रे पुढे आला. थोडा बाहेर येऊन थांबला, टणकच. बॅटरीने पाहिलं तर सीडीची पुढची कड ट्रेमध्ये आहे आणि मागची बाजू वर लटकलीय, जणू वरून कुणी धरून ठेवलीय. सीडीवर नाव-तारखेचं कागदी स्टिकर होतं, त्याचा मधला भाग सुटून वर वळलेला दिसतोय. ट्रे आत ढकलून ठेवलाय. भाऊ म्हणतो ड्राइव्ह बाहेर काढून उघडू या, त्याच्याकडे बारीक स्क्रू ड्रायव्हर आहेत. करू?

पाना_पक्कड

आता चित्र स्पष्ट झालं. बेल्टचा दोष असेल नसेल, पण खरा अडथळा ते स्टिकर आहे. ड्राइव्ह चालू असताना आत ऊब तयार होते, जुना गोंद पाघळतो, मधल्या भोकाजवळची कड सुटते आणि वरच्या टोपीला चिकटते. चकती खाली जाते पण टोपी सीडीला सोडत नाही.

हो, उघडा. चित्रं हातात आहेत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. प्लग काढलेलाच असू दे. मागच्या दोन्ही केबल काढा, बाजूचे स्क्रू काढून ड्राइव्ह पुढून बाहेर घ्या आणि टेबलावर पालथा ठेवा. खालच्या पत्र्याला बहुतेक चार बारीक स्क्रू असतात, ते काढले की पत्रा सुटतो. मग ट्रे पिनने जेवढा सहज येतो तेवढाच पुढे घ्या. ट्रेची पट्टी आणि पुढची चौकट खटक्यांवर असते, खटके नखाने दाबून सोडवा. त्यानंतर आतला सांगाडा वरच्या कवचातून उचलता येतो. चपट्या पट्टीसारख्या केबली दिसतील, त्या ताणू नका. आणि ड्राइव्ह उघडा असताना त्याला वीज कदापि देऊ नका. रायटरचा लेझर डोळ्यांना घातक असतो.

सांगाड्याच्या वरून एक प्लॅस्टिकची पट्टी पुलासारखी आडवी जाते, तिच्या मधोमध ती गोल टोपी असते. टोपी तिथे सैलच असते. सीडी खेचू नका. शिवणाचा दोरा दुहेरी करून टोपी आणि स्टिकर यांच्या मध्ये घाला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. गोंद सुटत जाईल. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही वापरू नका, सीडीचं प्लॅस्टिक आणि वरचा लाखेचा थर दोन्ही खराब होतात.

दोघांनी मिळून करा. एकाने सीडी कडांनी धरायची, दुसऱ्याने दोरा चालवायचा.

अबोली

निघाली!! पूर्ण, अखंड, खालच्या बाजूला एकही ओरखडा नाही. भावाने सीडी धरली, मी दोरा चालवला. टोपीवर गोंदाचा काळपट चिकट थर होता आणि स्टिकरचा एक तुकडा तिथेच राहिला होता. आई इतका वेळ दारात उभी होती, सीडी बाहेर आल्यावरच आत आली.

पाना_पक्कड दादा, तुमचे आभार कसे मानू? एकच शेवटचं विचारते. सीडीवरचं उरलेलं स्टिकर अर्धवट लोंबतंय. ते सोलून टाकून सीडी सर्जनकडे नेऊ ना?

पाना_पक्कड

नाही, ताई! स्टिकर सोलू नका. बरं झालं विचारलंत.

सीडी खालच्या बाजूने वाचली जाते म्हणून आपण खालची बाजू जपतो. पण माहिती खाली नसते. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि जवळजवळ सगळी जाडी ही नुसत्या पारदर्शक प्लॅस्टिकची. माहितीचा थर आणि त्याच्यावरचा चकचकीत थर अगदी वर असतात, लेबलच्या लगेच खाली, त्यांना संरक्षण एका पातळ लाखेच्या थराचं. स्टिकर ओढलं की गोंदाबरोबर चकचकीत थराचे पापुद्रे निघतात आणि तिथली माहिती कायमची जाते. डीव्हीडीचं वेगळं आहे, तिचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो. तुमची सीडी आहे, त्यामुळे स्टिकर आहे तिथेच राहू द्या. लोंबणारा भाग कात्रीने हलकेच कापा, ओढू नका.

ती सीडी आता कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, सर्जनच्याही नाही. गोंद अजून ओलसर आहे, दुसऱ्या ड्राइव्हमध्येही हेच होईल. शिवाय अर्धवट स्टिकरमुळे ती एका बाजूला जड झालीय आणि वेगात थरथरेल. मूळ प्रत म्हणून कव्हरमध्ये घालून जवळ ठेवा.

सर्जनना सीडीच हवी असेल तर नवीन सीडी बनवा. तुमचा ड्राइव्ह सध्या बाजूला ठेवा, ओळखीच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर करा. फोल्डरच्या आतला सगळा माल सीडीच्या थेट मुळाशी जायला हवा. 'डायकॉमडिर' एखाद्या फोल्डरच्या आत गेली तर काही व्ह्यूअरना चित्रं सापडत नाहीत. विंडोज विचारेल की सीडी यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरसाठी. दुसरा पर्याय घ्या, नाहीतर काही मशीनवर ती उघडत नाही. वेग कमीत कमी निवडा. झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. वर स्टिकर नको, सीडीसाठी मिळतं ते मऊ टोकाचं मार्कर घ्या आणि नाव आतल्या पारदर्शक कड्यावर लिहा, तिथे माहिती नसते. पेन ड्राइव्हही सोबत न्या.

जिथे एमआरआय काढला तिथेही फोन करून बघा. चित्रं त्यांच्या सर्व्हरवर असतात आणि साधारणपणे दुसरी प्रत मागता येते. तिकडून सीडी मिळाली तर स्टिकर आहे का ते आधी बघा.

ड्राइव्ह पुन्हा वापरायचा असेल तर टोपीवरचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. आतला बेल्टही बोटाने ताणून बघा. सैल असेल तर तो बदला, घट्ट पण तेलकट असेल तर त्याच अल्कोहोलने पुसून भागेल. सगळं परत बसवल्यावर पहिली चाचणी एखाद्या टाकाऊ डिस्कने घ्या, आणि नंतर ट्रे रिकामा बंद करूनही उघडून बघा. रिकामा असताना चुंबक आणि चकती जास्त जवळ येतात, पकड अधिक घट्ट होते, त्यामुळे दमलेला बेल्ट तिथेच आधी उघडा पडतो.

अबोली

स्टिकरला हात लावला नाही, लोंबता तुकडा कापून सीडी कव्हरमध्ये ठेवलीय. फोन केला होता, दुसरी प्रत देतो म्हणाले, भाऊ उद्या आणायला जातोय. त्याला सांगितलंय, स्टिकर असेल तर तिथेच बिनस्टिकरची मागून घे. ड्राइव्ह अजून टेबलावर उघडाच आहे, बेल्ट ताणून पाहिला, खूप सैल लागतोय. त्याची जाडी आणि घेर मोजून इथे लिहिते, तसाच दुसरा कुठला चालेल ते सांगाल का?

पाना_पक्कड

सांगतो. बेल्ट काढून सपाट कागदावर ठेवा, दोन्ही बाजू जुळतील असा चपटा करा आणि लांबी मोजा, तिची दुप्पट म्हणजे घेर. काप चौकोनी आहे की गोल तेही बघा. नवीन घेताना घेर पाच ते दहा टक्के कमी धरा, कारण आत्ताचा ताणून वाढलेला आहे.